कार्यभार स्वीकारताना स्वतःचा परिचय

एप्रिल-मे हे महिने जसे शेतकऱ्याला मशागतीचे, तसे शासकीय कर्मचाऱ्याला बदलीचे. बदल्यांचे विनियमन करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरविला असून सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात असे म्हटले आहे. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही तहसील कार्यालयात, पंचायत समितीत वा शिक्षण विभागात डोकावले तर दोन-तीन मेजांमागे नवे चेहरे दिसतात. कार्यभार देण्याघेण्याचा विधी रीतसर पार पडतो. किल्ल्या मोजल्या जातात, रोखवहीतील शिल्लक पडताळली जाते, जडवस्तू संग्रह नोंदवहीतील खुर्च्या-कपाटांपुढे खुणा होतात, प्रलंबित प्रकरणांची यादी जोडली जाते आणि प्रमाणपत्रावर दोघांच्या सह्या होतात. सहा गठ्ठे पद्धत काटेकोरपणे पाळणाऱ्या कार्यालयात तर कोणता कागद कोठे आहे हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सापडू शकते.

माणूस सापडावयास मात्र सहा महिने लागतात. नवे अधिकारी टिपणी वाचून निर्णय घेतात की समोर बसवून ऐकून घेतात, त्यांना सकाळी भेटलेले चालते की दुपारी, मसुद्यातील चूक ते स्वतः दुरुस्त करतात की नस्ती परत पाठवितात, त्यांनी उच्चारलेला ‘पाहू’ हा शब्द होकारार्थी घ्यावयाचा की नकारार्थी, यांपैकी कशाचीही नोंद कार्यभाराच्या कागदांत नसते. उलट दिशेनेही तेच. आस्थापनेवरील लिपिक आकडेमोडीत पक्का आहे परंतु चारचौघांत प्रश्न विचारला की गडबडतो, विस्तार अधिकाऱ्याला काम एकदाच पण सविस्तर समजावून घ्यावयाचे असते, लेखापालाला महिनाअखेरीचे तीन दिवस कोणी बोललेलेही खपत नाही, हे नव्या अधिकाऱ्याला कोण सांगणार? तीन वर्षांच्या कालावधीतील पहिले सहा महिने परस्परांचा अंदाज घेण्यात आणि शेवटचे तीन महिने पुढील बदलीच्या विचारात गेले, तर कामाला उरतो किती काळ, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

असे ज्ञान कार्यालयात मुळीच नसते, असे नाही. ते भरपूर असते. परंतु कुजबुजीच्या रूपाने असते. दालनाच्या दाराशी बसलेल्या शिपायाला आत जाणारा प्रत्येकजण हलक्या आवाजात विचारतो, “साहेब आज कसे आहेत?” स्वीय सहायक आपल्या मर्जीतील माणसाला सुचवितो की दुपारी तीनच्या आधी विषय काढू नका. मुख्याध्यापकांना कोणत्या शब्दाने राग येतो, सभापतींना कागद कोणाच्या हातून गेलेला आवडतो, याची माहिती वर्षानुवर्षे एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे सरकत असते. या गुप्त भांडारातून ज्यांना वाटा मिळतो त्यांची कामे सुरळीत होतात. नव्याने लागलेला उमेदवार, पहिल्यांदाच निवडून आलेली पंचायत सदस्य, लांबच्या वाडीवरचा शिक्षक यांना तो मिळत नाही. जी गोष्ट सर्वांना समान ठाऊक असावी ती ओळखीच्या बळावर वाटली जाते, हा या कुजबुजीतील खरा दोष होय. म्हणून प्रस्तुत लेखातील सूचना एवढीच आहे की, कार्यभार स्वीकारणाऱ्याने पहिल्या आठवड्यात आपल्या कामाची रीत आपल्या सहकाऱ्यांना आपणच सांगावी, आणि त्यांची रीत विचारून घ्यावी.

एक लाल पट्टी

ही सूचना पुस्तकातून सुचलेली नाही. काही वर्षांपूर्वी मी एका नदीकाठच्या जिल्ह्यात माहितीचे काम पाहत होतो. ऑगस्टचा महिना होता. वरच्या धरणातून रात्री पाण्याचा विसर्ग वाढविला जाणार असल्याचे दुपारी समजले. मी चार वाजता वृत्ताचा मसुदा तयार केला, त्यावर तातडीची लाल पट्टी लावली आणि मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजावर स्वतः नेऊन ठेवला. ते बैठकीत होते. माझ्या आधीच्या दोन्ही वरिष्ठांची सवय अशी की, लाल पट्टी दिसली की बैठकीतून उठून ते कागद पाहत. हे अधिकारी पाच आठवड्यांपूर्वीच रुजू झाले होते. त्यांच्या आधीच्या कार्यालयात जवळजवळ प्रत्येक नस्तीला लाल पट्टी लागे. म्हणून त्यांनी पट्टीकडे पाहणेच सोडून दिले होते. खरोखरच तातडीचे असेल तर माणूस दार ठोठावील, असा त्यांचा समज. दार ठोठावणे हा उद्धटपणा, असा माझा. त्यांनी नस्त्या नेहमीप्रमाणे रात्री साडेआठला हाती घेतल्या. आकाशवाणीचे सायंकाळचे प्रादेशिक बातमीपत्र तोवर होऊन गेले होते.

सुदैवाने तहसील कार्यालयाने आणि पोलीस पाटलांनी आपापल्या मार्गाने गावांना सावध केले होते, त्यामुळे मनुष्यहानी झाली नाही. परंतु नदीकाठी विद्युतपंप बसविलेले शेतकरी गावठाणापासून दूर, मळ्यात राहतात. पाणी वाढणार असे कळले की दोन-चार माणसे जमवून पंप वर ओढून घ्यावयाचा, हा त्यांचा दर पावसाळ्यातील परिपाठ. त्या रात्री काहींना ते साधले नाही. चार दिवसांनी त्यांच्यापैकी एक गृहस्थ कार्यालयात आले. आवाज चढविला नाही, अर्जही आणला नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, पाणी सोडणार हे तुम्हाला किती वाजता कळलं होतं?” मी वेळ सांगितली. ते मान हलवून निघून गेले.

नंतर आम्ही दोघे अधिकारी या विषयावर बोललो, तेव्हा नियमाचा भंग कोणाच्याच हातून झालेला नव्हता असे आढळले. २००५ च्या त्याच अधिनियमात तात्काळ स्वरूपाची नस्ती शक्यतो एका दिवसात किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तर तातडीची नस्ती चार दिवसांत निकाली काढावी असे म्हटले आहे. त्या मापाने आमची नस्ती वेळेच्या कितीतरी आधी सुटली होती. नदीला ते माप लागू नव्हते. पाच आठवडे आम्ही एका इमारतीत बसत होतो, दिवसातून दोनदा भेटत होतो, आणि ‘तातडीचे काम मी तुमच्यापर्यंत कसे पोहोचवू?’ हा प्रश्न मी विचारला नव्हता, की त्यांनी आपणहून सांगितले नव्हते.

वाचणारे आणि ऐकणारे

कामाच्या रीतीतील सर्वांत महत्त्वाचा भेद कोणता, याविषयी व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांचे विवेचन मला फार उपयोगाचे वाटते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी माणसांचे दोन वर्ग केले. काहींना विषय वाचल्याने समजतो, काहींना ऐकल्याने. आणि आपण कोणत्या वर्गातील आहोत हे पुष्कळांना स्वतःलाच ठाऊक नसते. दाखला त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त सैन्याचे सेनापती असताना जनरल आयसेनहॉवर यांच्या पत्रकार परिषदा अत्यंत नेटक्या होत. त्याचे कारण असे की, पत्रकारांचे प्रश्न परिषदेच्या किमान अर्धा तास आधी लेखी स्वरूपात त्यांच्या हाती पडतील अशी व्यवस्था त्यांचे सहायक करीत. ते वाचणाऱ्यांपैकी होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी पूर्वसूरींचा खुल्या प्रश्नोत्तरांचा शिरस्ता उचलला, आणि हेच गृहस्थ प्रश्नाला सरळ उत्तर देत नाहीत अशी टीका त्यांच्यावर होऊ लागली. लिंडन जॉन्सन यांची गत याच्या उलट. केनेडी हे वाचणारे, म्हणून त्यांनी उत्तम लिहिणारे सहायक भोवती जमविले होते. १९६३ मध्ये त्यांच्या हत्येनंतर जॉन्सन अध्यक्षपदी आले तेव्हा त्यांनी तेच सहायक ठेवले, आणि ते सहायक पूर्वीसारखीच टिपणे लिहीत राहिले. जॉन्सन मात्र ऐकणारे होते. त्या टिपणांतून त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही, असे ड्रकर यांचे निदान आहे.

वॉशिंग्टनचे हे उदाहरण आपल्याकडील कोणत्याही जिल्हा परिषदेला लागू पडावे असे आहे. अधिकारी बदलतो, लेखनिक तेच राहतात, आणि जुन्या साहेबांना आवडणारी तीन पानी टिपणी नव्या साहेबांपुढे जात राहते. नवे साहेब तिच्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतात. लिपिकाला वाटते, टिपणीत काही चुकले असावे. तो तीन पानांची पाच पाने करतो. पुन्हा ‘चर्चा करावी’. वस्तुतः साहेबांना पाच मिनिटे ऐकावयाचे असते, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ.

शेऱ्यांविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या कार्यालयीन मराठीत थोडक्या शब्दांवर फार मोठा भार टाकलेला असतो. ‘पाहिले’ या शेऱ्याने एका अधिकाऱ्याला मान्यता अभिप्रेत असते, तर दुसऱ्याला केवळ कागद नजरेखालून गेल्याची नोंद. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हणजे कोणी ‘होय, पुढे जा’ असे समजतो, आणि कोणी ‘जबाबदारी तुमची’ असे. ‘तपासून सादर करावे’ यात तपासावयाचे आकडे की तपासावयाचा अधिकार, हे लिहिणाराच जाणे. शासनव्यवहारात मराठी रूढ व्हावी यासाठी १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश सिद्ध झाले. शब्दांचे अर्थ त्यांतून निश्चित झाले हे मोठेच काम. परंतु विशिष्ट माणसाच्या हातचा विशिष्ट शेरा काय सांगतो, हे कोणताही कोश देऊ शकणार नाही. ते त्या माणसानेच सांगावयाचे असते, आणि सांगावयास दोन मिनिटेही पुरतात.

बोलण्याच्या ढबीचेही असेच. आपल्या राज्यात बदली म्हणजे पुष्कळदा बोलीची सीमा ओलांडणे. कोल्हापूरकडील मोकळा, चढा स्वर घरच्या माणसांत जिव्हाळ्याचा गणला जातो. तोच स्वर दुसऱ्या भागातील कार्यालयात ऐकू आला की साहेब संतापले असे समजून माणसे दालनात जाणे टाळतात. अशा अधिकाऱ्याने ‘माझा आवाज मोठा आहे, राग नाही’ असे पहिल्याच बैठकीत हसत सांगितले तर कितीतरी गैरसमज टळतील. आवाज मोठा आणि रागही मोठा असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर पत्रकाचा उपाय चालत नाही.

सोमवारचे मौन

आपली रीत आधी सांगून ठेवण्याचे अत्यंत सुंदर उदाहरण वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात पाहावयास मिळते. १९३६ पासून गांधीजी तेथे राहत असत. सोमवार हा त्यांचा मौनाचा दिवस. त्या दिवशी ते बोलत नसत, आवश्यक ते चिठ्ठीवर लिहून देत. आश्रमातील कार्यकर्त्यांपासून देशभरच्या पुढाऱ्यांपर्यंत सर्वांना हे ठाऊक असल्याने त्या मौनाचा कोणी रोष मानला नाही. २ जून १९४७ हा दिवस सोमवार होता. फाळणीची योजना सांगण्यासाठी व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी त्या दिवशी दिल्लीत गांधीजींची भेट घेतली, तेव्हाही गांधीजींनी आपले म्हणणे वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून दिले. त्या लिखाणातच त्यांनी असे नमूद केले की, मौनाचे व्रत घेताना आपण दोन अपवाद राखून ठेवले होते: अत्यंत निकडीच्या विषयावर मोठ्या पदाधिकाऱ्यांशी बोलणे आणि रुग्णाची शुश्रूषा.

या प्रसंगातील राजकारण बाजूला ठेवू. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे असे की, रीत जाहीर होती, तिचा वार ठरलेला होता, मौनातही दुसऱ्याशी व्यवहार कसा करावयाचा याची सोय होती, आणि अपवाद कोणते तेही आधीच ठरलेले होते. ‘मला सकाळी कोणी भेटू नये’ एवढेच सांगणारा अधिकारी अर्धेच सांगतो. सकाळी काही घडले तर कोणी, कोठे आणि कसे यावे, हे उरलेले अर्धे सांगितल्याशिवाय पहिल्या अर्ध्याला किंमत नाही. माझ्या लाल पट्टीच्या प्रकरणात हेच उरलेले अर्धे राहून गेले होते.

खालच्या खुर्चीवरून

येथवरचे विवेचन अधिकाऱ्याच्या बाजूने झाले. खुर्ची खालची असली की स्वतःविषयी सांगणे अवघड होते, हे मान्य केलेच पाहिजे. अमेरिकेतील जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये चार घरांची एक खिडकी कल्पिली आणि दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून तिला ‘जोहारी’ असे नाव दिले. पहिल्या घरात मला आणि इतरांना, दोघांनाही ठाऊक असलेले. दुसऱ्यात इतरांना दिसते पण मला दिसत नाही असे. तिसऱ्यात मला ठाऊक असून मी झाकून ठेवलेले. चौथ्यात कोणालाच ठाऊक नसलेले. पहिले घर जितके मोठे तितके एकत्र काम सोपे, असा त्या खिडकीचा आशय. कार्यालयात पाहिले तर वरिष्ठाचे दुसरे घर मोठे असते; दुपारनंतर साहेब चिडचिडे होतात हे शिपायापासून सर्वांना माहीत, साहेबांखेरीज. कनिष्ठाचे तिसरे घर मोठे असते. कारण झाकण्यात त्याला सुरक्षितता वाटते.

एका द्विशिक्षकी शाळेतील प्रसंग तेथील शिक्षकांकडूनच मला समजला. दोन वर्गखोल्या, चार इयत्ता, एक गुरुजी आणि एक बाई. बाईंना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हते. बदलीच्या वेळी कोणी कमीपणा काढील या भीतीने त्यांनी ते कोणालाही सांगितले नाही. गुरुजी त्यांच्या डाव्या हाताच्या खोलीत शिकवीत आणि दारातूनच निरोप देत. बाईंकडून उत्तर येत नसे. त्यांना बाई मानी वाटल्या. दोन वर्षे दोघांचे बोलणे हजेरीपत्रकापुरते उरले. इयत्ता तिसरीच्या मुलांना वाचन येत नाही हे गुरुजींना दिसत होते, चौथीच्या मुलांचे गणित कोठे अडते हे बाईंना ठाऊक होते, आणि एकाचे दुसऱ्यापर्यंत जात नव्हते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका मोठ्या वयाच्या मुख्याध्यापिकेने बोलता बोलता आपल्या गुडघेदुखीचा उल्लेख केला आणि ‘मला फळ्यापाशी फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून मी गटात बसून शिकविते’ असे सहज सांगितले. परतताना गाडीत बाई गुरुजींना म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही माझ्या उजव्या बाजूला बसा. डावीकडून बोललेलं मला कळत नाही.” दुसऱ्या दिवशी दोघांनी खोल्यांची अदलाबदल केली.

मोठ्या माणसाने आधी सांगितले म्हणून लहान माणसाला धीर आला, हा क्रम येथे ध्यानात यावा. वरिष्ठाने स्वतःविषयी अवाक्षर न काढता हाताखालच्यांना ‘तुमच्या अडचणी लिहून द्या’ असे फर्मावले, तर मिळतील ते ‘अडचण नाही’ असे दहा एकसारखे कागद. आणि कोणी सांगितलेच नाही, तर न सांगण्याचा त्याचा अधिकारही मानला पाहिजे. प्रकृती, घरची जबाबदारी, श्रद्धा या बाबी चौकशीच्या नव्हेत. सांगावयाचे ते कामाला लागेल एवढेच.

ग्रामपंचायतीत या गोष्टीला वेगळेच वजन येते. २०११ पासून राज्यातील पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. प्रथमच निवडून आलेल्या सरपंचबाई आणि अनेक वर्षे दप्तर सांभाळलेले सचिव यांची गाठ पडते तेव्हा कागद सचिवांच्या भाषेत असतो आणि सही सरपंचांची असते. अशा एका सरपंचबाईंनी पहिल्याच मासिक सभेत सचिवांना सांगितले, “भाऊ, मला भराभर वाचता येत नाही. ठराव आधी मोठ्यानं वाचून दाखवा, खर्चाचा आकडा दोनदा सांगा, मग मी सही करीन. घाई असली तरी असंच.” आपल्याला काय येत नाही ते त्यांनी सर्वांसमक्ष सांगून टाकले. त्या दिवसापासून प्रत्येक आकडा सभेत मोठ्याने वाचला जाऊ लागला, तो सगळ्या सदस्यांच्या कानी पडू लागला आणि कोऱ्या कागदावर सही मागण्याचा विषयच निघाला नाही. सचिवांनीही मग आपली बाजू मांडली: मंगळवारी पंचायत समितीत बैठक असते, दुसरे गावही त्यांच्याकडे आहे, तेव्हा दाखल्यांसाठी लोकांनी कोणत्या दिवशी यावे ते ठरवून फलकावर लावावे. ते लावले गेले.

मर्यादा

आवड म्हणजे हक्क नव्हे, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना मुदती ठरलेल्या आहेत. ‘मला सकाळी शांततेत काम करावयास आवडते’ या कारणाने दाखला एक दिवसही लांबू शकत नाही. आपली रीत सहकाऱ्यांशी ठरवावयाची, नागरिकाला तिचा जाच होता कामा नये. तसेच ऐकून निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी नोंदीतून सुटका नाही. वरिष्ठांचे निदेश सामान्यतः लेखी असावेत आणि तोंडी देणे अपरिहार्य झाल्यास त्यांना मागाहून लेखी पुष्टी द्यावी, असा दंडक वर्तणूक नियम, १९७९ मध्येच आहे. तेव्हा चर्चा करावी ती समजून घेण्यासाठी, आणि चर्चेत जे ठरले ते दोन ओळींत नस्तीवर यावे. कनिष्ठाच्या संरक्षणाचा तो एकमेव आधार असतो.

भ्रमणध्वनीविषयी बोलल्याशिवाय आज हा विषय पुरा होत नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या बहुतेक कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. व्हॉट्सॲपवरील गटांना तो लागू झाल्याचे दिसत नाही. रात्री अकरा वाजता आलेला संदेश हा हुकूम आहे की सकाळी विसरू नये म्हणून केलेली नोंद, हे पाठविणाऱ्यालाच माहीत असते. माझ्या परिचयाचे एक गटशिक्षणाधिकारी रात्री जागून काम करणारे. त्यांचे संदेश मध्यरात्री येत आणि तालुक्यातील निम्मे मुख्याध्यापक झोपेतून उठून माहिती भरत बसत. कोणीतरी धीर करून विचारले तेव्हा त्यांनाच आश्चर्य वाटले. तेव्हापासून त्यांच्या संदेशाच्या शेवटी ‘उद्या दुपारपर्यंत’ असे तीन शब्द—नव्हे, दोनच—असतात, आणि खरोखरच निकड असेल तेव्हा ते संदेश न पाठविता फोन करतात.

अर्ध्या पानाचे पत्रक

प्रत्यक्षात हे करावे कसे? मोठा नमुना, रकाने, प्रपत्र यांची गरज नाही. प्रपत्र झाले की ते भरण्यापुरते उरते. अर्ध्या पानात साध्या भाषेत लिहावे आणि पहिल्या बैठकीत स्वतः वाचून दाखवावे. नंतरच्या बदलीत मी जे लिहिले ते सुमारे असे होते:

“मला विषय वाचून चांगला समजतो. म्हणून टिपणी एका पानाची असावी आणि काय हवे ते पहिल्या परिच्छेदात यावे. टपाल मी अकराच्या आत पाहतो. त्या वेळेत मसुदे लिहीत असल्याने साधी चौकशी दुपारी करावी. पाऊस, पूर, अपघात, साथ, शाळेतील मुलांविषयीचे काही, किंवा कोणी लांबून आलेला नागरिक, यांसाठी कोणत्याही वेळी दार उघडून आत यावे. बैठक चालू असली तरी यावे. लाल पट्टी फक्त त्याच दिवशी निर्णय हवा असेल तेव्हाच लावावी आणि लावल्यावर मला तोंडी सांगावे. माझ्या ‘पाहू’ म्हणण्याचा अर्थ निर्णय झालेला नाही असा घ्यावा व दोन दिवसांनी आठवण करावी. चुका मी तोंडावर सांगतो, मागे सांगत नाही. चारचौघांत सांगितले आणि वाईट वाटले तर मला नंतर तसे सांगावे. रात्री आठनंतरचा माझा संदेश दुसऱ्या दिवसासाठी समजावा.”

वाचून झाल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग जावक लिपिक म्हणाले, “साहेब, मला एका वेळी तीन कामं सांगू नका, तिसरं राहतं.” छायाचित्रकाराने सांगितले की, कार्यक्रमाची वेळ आदल्या संध्याकाळी कळली तरच गाडी आणि उपकरणे वेळेवर निघतात. वाहनचालकाचे म्हणणे फोनवर पत्ता सांगताना खुणेचे ठिकाण सांगावे. वरिष्ठ लिपिक त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. महिन्याभराने मसुदा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या की, तुम्ही वाचत असताना मी समोर उभी राहिले की मला घाम फुटतो, मी बाहेर थांबते, बोलावल्यावर येईन. पत्रकात लिहिलेली एक गोष्ट माझ्याकडून पाळली गेली नाही, तीही त्यांनीच दाखवून दिली: अकराच्या आत टपाल पाहणे पहिल्या पंधरवड्यातच मोडले होते. मी वेळ बदलून साडेबारा केली आणि तसे सर्वांना सांगितले.

या पत्रकाला जावक क्रमांक देऊ नये. ते सेवापुस्तकात अथवा गोपनीय अहवालाच्या कागदांत कदापि जाऊ नये, कारण तेथे जाणार असे कळताच कोणीही खरे लिहिणार नाही. मेजाच्या काचेखाली किंवा बैठकीच्या वहीच्या पहिल्या पानावर ते असावे, वर दिनांक असावा, सहा महिन्यांनी पुन्हा वाचून जे खोटे ठरले असेल ते खोडावे. बदलीचा आदेश आला की किल्ल्या आणि रोखवहीबरोबर ते नव्या माणसाच्या हाती देऊ नये. ते काढून न्यावे, म्हणजे येणाऱ्याला स्वतःचे लिहिता येईल. सहकाऱ्यांनी काय सांगितले होते ते मात्र त्यांना विचारून, त्यांची संमती असल्यास, येणाऱ्या अधिकाऱ्याला तोंडी सांगावे.